बारावी शेपटी

मुलीसाठी पहिली रायफल घ्यायची म्हणजे दुकानात जायचं, भिंतीवरची एक उतरवायची, पैसे टाकायचे आणि घरी यायचं, असं लाइल स्कॉग्स्टाडला जुलैच्या पहिल्या आठवड्यात वाटत होतं. नोव्हेंबर उजाडेपर्यंत त्याच्या भुवईवर कायमची खूण पडली होती, घरात आणखी तीन रायफली आल्या होत्या, आणि सरकारदरबारी तो बारा वर्षांच्या पोराटोरांहून अडाणी ठरला होता. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती म्हणतात, ते ठीक आहे. निदान मारुती तरी झाला! लाइलचं काय झालं हे सांगायला देवांची नावं अपुरी पडतील.

लाइलचं लिंडरुडच्या मेन रोडवर चष्म्याचं दुकान. माणूस सज्जन, टापटिपीचा, खिशात सदैव छोटी पट्टी. बावीस वर्षांत त्याने गिऱ्हाइकाच्या नाकावर ठेवून बघितल्याशिवाय एक चष्मा विकलेला नाही. "फ्रेम डोळे निवडत नाहीत, नाक निवडतं," हे त्याचं आवडतं वाक्य. नवराबायको दोघं आली आणि बायको म्हणाली, ह्यांच्यासाठी हाच द्या, ह्यांना शोभतो, तरी लाइल नम्रपणे म्हणायचा, "बाई, आधी त्यांचं नाक येऊ द्या पुढे." हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. लाइलने ठेवलं नाही, म्हणूनच पुढचं रामायण घडलं.

आमच्या उत्तर विस्कॉन्सिनात एक रीत आहे. हरणावर गोळी झाडली आणि ती चुकली, की रानातल्या शिकारीच्या खोपटावर परतल्यावर त्या माणसाला भिंतीकडे तोंड करून उभं करतात आणि त्याच्या शर्टाचा मागचा घोळ कात्रीने कराकरा कापतात. त्याला म्हणतात शेपटी. त्यावर नाव आणि साल लिहून ती खिळ्याने भिंतीवर ठोकतात, आणि मग ती तिथे माणसाच्या मरणानंतरही राहते. लाइलचे सासरे आर्विड यांच्या खोपटात, चुलीच्या वर, अशा सतरा शेपट्या होत्या. त्यातल्या अकरा लाइलच्या. लग्नाला वर्षं झाली चौदा. उरलेल्या तीन वर्षांत त्याची शेपटी वाचली, कारण हरीणच दिसलं नाही. आर्विड यांची शेपटी त्या भिंतीवर एकही नव्हती. बेचाळीस हंगाम आणि शर्ट अखंड! लाइलची बायको मार्ना हिने तेराव्या वर्षी पहिल्याच गोळीत हरीण पाडलं, "झालं," म्हणाली, आणि परत कधी रायफलीला हात लावला नाही. त्यामुळे तिचाही शर्ट शाबूत.

आता ऑगस्टात टिल्डा बारा वर्षांची होणार होती. बाराव्या वर्षी पोरं खोपटावर जातात, आणि पहिली रायफल बाप देतो. लाइलने स्वतःच्या अकरा शेपट्या पचवल्या होत्या. पण आर्विड हातात कात्री घेऊन टिल्डाच्या मागे उभे आहेत आणि म्हणताहेत, "बापावर गेली हो!" हे चित्र डोळ्यांपुढे आलं की तो ताट बाजूला सारायचा. काहीही होवो, पोरीची शेपटी त्या भिंतीवर लागता कामा नये. तेव्हा अशी रायफल हवी, की जी चुकूच शकणार नाही.

चूक इथूनच सुरू झाली, कारण ही अट त्याने चारचौघांत बोलून दाखवली.

शेजारचा गस प्रिबिल हा निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर. चाळीस वर्षं सगळ्या गावाची पोरं त्याच्या मागे बसून गेल्यामुळे त्याला पाठ फिरवून बोलायची सवय आहे. तो गवत कापता कापता म्हणाला, "थर्टी-थर्टी. दुसरं काही घेतलंस तर तू येडा. झाडीत आखूड बंदूक पाहिजे."

"लहान पोरीला टू-फॉर्टी-थ्री," चर्चच्या तळघरात कॉफी ओतता ओतता पाद्रीबुवा म्हणाले. "धक्का कमी, दया जास्त."

न्हाव्याने तिसरंच नाव सांगितलं, आणि खुर्चीत बसलेल्या अर्धदाढी माणसाने न्हावी किती मूर्ख आहे हे सांगितलं. शुक्रवारी मासे खायला गेलं, तर वाढणारी बाई बटाट्याबरोबर सल्ला ठेवून गेली. फुकटचा सल्ला आणि कोबीची कोशिंबीर, आमच्याकडे दोन्हींना नाही म्हणता येत नाही. लाइलने सगळं एका तक्त्यात मांडलं. डावीकडे रायफली, वर सल्लागार. तक्ता भरल्यावर असं दिसलं, की गावातल्या एकोणीस माणसांनी एकोणीस रायफली सुचवल्या आहेत आणि प्रत्येकाने स्वतःकडे आहे तीच सुचवली आहे.

आर्विड यांनी तक्ता हातभर लांब धरून पाहिला आणि उलटा ठेवला. "थर्टी-ऑट-सिक्स," ते म्हणाले. "मार्नाने त्याच रायफलीने हरीण मारलं. अर्थात मार्नाला नेम होता." मग जरा थांबून म्हणाले, "माझ्याकडून आलेला."

लाइल निमूटपणे डोरीनच्या दुकानात गेला. डोरीनचं दुकान म्हणजे अर्ध्यात बंदुका आणि अर्ध्यात गळाला लावायची गांडुळं. गांडुळांच्या फ्रिजला टेकून ती शब्दकोडं सोडवत होती.

"पोरीसाठी रायफल हवी," लाइल म्हणाला.

"पोरीला आणलंस का?"

"नाही. वाढदिवसाचं सरप्राइझ आहे."

"मग सायकल घे," डोरीन म्हणाली आणि पुन्हा कोड्यात डोकं घातलं.

पण लाइल ऐकेना. त्याने थर्टी-ऑट-सिक्स घेतली, वर दुर्बीण बसवून घेतली, आणि घरी आणून गराजमधल्या कपाटात कुलुपात ठेवली. मग त्याच्या लक्षात आलं, की रायफल मोठी दिसते. किती मोठी? त्यासाठी टिल्डाच्या हाताचं माप हवं. सरप्राइझ फुटता कामा नये म्हणून त्याने जेवणाच्या टेबलावर खिशातली पट्टी काढली.

"टिल्डा, हात सरळ धर बघू."

"कशाला?"

"स्वेटरसाठी," लाइल म्हणाला. त्याला खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे तो इतका लाल झाला की मार्नाने थर्मामीटर आणला. पुढे ही बातमी चर्चच्या विणकाम मंडळात गेली आणि ऑगस्टात टिल्डाला चार स्वेटर आले. ते वेगळंच.

मापाप्रमाणे रायफलीचा दस्ता पोरीच्या हाताला तीन इंच लांब होता. गस कुंपणावरून म्हणाला, "त्यात काय! माझ्याकडे करवत आहे." ज्याच्याकडे करवत आहे, त्याला जगातली प्रत्येक वस्तू लांब वाटते. त्याने तीन इंच कापला. मग म्हणाला, "नोव्हेंबरात जाड कोट असणार, तो धर," आणि आणखी दोन इंच कापला. मग कापलेली कड तिरकी दिसली म्हणून सरळ करायला अर्धा. दस्ता इतका आखूड झाला की रायफल हातात घेतली तर बाजारातून काकडी आणल्यासारखी वाटायची.

"झाडून बघ," गस म्हणाला.

शनिवारी नेमबाजी क्लबच्या मैदानावर लाइलने ती खांद्याला लावली. दस्ता आखूड म्हणजे डोळा दुर्बिणीला चिकटलेला. हे कुठल्याही शिकाऱ्याला कळतं, आणि चष्मेवाल्याला तर कळायलाच हवं, की भिंग आणि डोळा यांत अंतर लागतं. गोळी सुटली, रायफल मागे आली, आणि दुर्बिणीच्या पितळी कड्याने लाइलच्या उजव्या भुवईवर अर्ध्या चंद्रासारखी सुबक चीर पाडली. पाच टाके.

आमच्या गावात भुवईवर अर्धा चंद्र घेऊन फिरणं म्हणजे गळ्यात पाटी अडकवून फिरणं. लहान मूलसुद्धा ओळखतं. सोमवारी दुकानात आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक आधी त्याच्या भुवईकडे बघे, मग जमिनीकडे, आणि मग अत्यंत मायेने विचारे, "डोळे ठीक आहेत ना तुझे, लाइल?" चष्मेवाल्याला हे विचारणं म्हणजे पोहायच्या शिक्षकाला बुडालास का विचारण्यासारखं आहे. त्या आठवड्यात त्याच्या दुकानात गर्दी फार झाली आणि विक्री शून्य.

तो कापलेली रायफल घेऊन डोरीनकडे परत गेला. डोरीनने ती दोन बोटांनी उचलली. "ही मी घेणार नाही. हिची लाज वाटते मला." मग विचारलं, "पोरीला आणलंस का?"

"परवा वाढदिवस आहे, डोरीन! आता शेवटच्या क्षणी कसं सांगू?"

तिने सुस्कारा टाकला. लाइलने भिंतीवर नजर फिरवली. लहान मुलांच्या मापाची, हलकी, टू-फॉर्टी-थ्री. आणि रंग? गुलाबी. डोक्यापासून दस्त्यापर्यंत गुलाबी, वाढदिवसाच्या केकवरच्या क्रीमसारखी. मुलगी आहे, गुलाबी आवडेलच, असा विचार लाइलने केला. टिल्डाच्या खोलीत एकही गुलाबी वस्तू नाही, हे बापाला बारा वर्षांत दिसलं नव्हतं.

वाढदिवसाला टिल्डाने खोका उघडला. सगळे बघत होते. ती बराच वेळ त्या रायफलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वेगळीच आहे, बाबा."

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडे कुणी कुणाला वाईट म्हणत नाही. स्वयंपाक करपला, सून पसंत पडली नाही, शेजाऱ्याने घराला जांभळा रंग दिला, तरी आम्ही म्हणतो, वेगळंच आहे. याच्या खालची पायरी नाही. मार्नाने डोळे मिटून घेतले. आर्विड केकचा तुकडा चघळत म्हणाले, "हरणाला रंग दिसत नाही म्हणतात. बिचाऱ्याचं नशीब."

मैदानावर टिल्डाने गुलाबी रायफल खांद्याला लावली, मान बगळ्यासारखी वाकडी केली आणि दहा गोळ्या झाडल्या. तिच्या निशाणाच्या कागदावर एकही भोक नाही. शेजारच्या गसच्या कागदावर मात्र बरोब्बर मध्यभागी दोन भोकं पडली आणि गसने ती आपली म्हणून मोजली.

भिंतीवरची अठरावी शेपटी लाइलला दिसायला लागली. गस म्हणाला दुर्बीण उंच बसव. बसवली. पाद्रीबुवा म्हणाले श्वासावर लक्ष दे. टिल्डाने इतका श्वास रोखला की निळी पडली. आर्विड म्हणाले, "रायफलीला दोष देऊ नका. नाचता येईना अंगण वाकडे." हे ते टिल्डाकडे बघून नाही, लाइलकडे बघून म्हणाले. सप्टेंबर असाच गेला. खोपटामागच्या संडासाचं दार गेल्या हिवाळ्यात बिजागरीसकट पडलं होतं, ते सप्टेंबरात बसवायचं काम आर्विड यांनी लाइलला दिलं होतं. पण ज्याच्या पोरीची गोळी शेजाऱ्याच्या कागदावर जाते, त्याला दारं सुचतात होय?

तेवढ्यात सरकार जागं झालं. दरवर्षीप्रमाणे लाइल शिकारीचा परवाना काढायला बसला, तर यंदाच्या नव्या कॉम्प्युटरने त्याच्या लहानपणीच्या शिकार-सुरक्षा वर्गाच्या दाखल्याचा नंबर मागितला. लाइलने ऑफिसला फोन लावला.

"तुमची नोंद सापडत नाही," बाई गोड आवाजात म्हणाल्या.

"अहो, आम्हाला शिकवणारे मास्तर वारले, आणि त्यांच्या बायकोने वह्यांचं खोकं अंगणातल्या सेलमध्ये विकून टाकलं! पण मी चौदा वर्षं शिकार करतोय."

"दाखल्याशिवाय?"

"हो."

"म्हणजे चौदा वर्षं गुन्हा करताय," बाई तितक्याच गोड आवाजात म्हणाल्या. "मी हे ऐकलं नाही असं धरते. वर्गाला बसा."

तेव्हा ऑक्टोबरात, अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये, एकवीस पोरांच्या रांगेत, गुडघे छातीशी घेऊन, छोट्या खुर्चीत लाइल बसला. शेजारी टिल्डा. शिकवायला व्हर्न नावाचे निवृत्त वनरक्षक, आवाज नगाऱ्यासारखा. चार नियम त्यांनी पोरांकडून पाठच करून घेतले. एक, प्रत्येक बंदूक भरलेली समजा. दोन, नळी कुणाकडे रोखू नका. तीन, नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. चार, सावज कोणतं आणि त्याच्या मागे काय आहे, हे दोन्ही कळल्याशिवाय गोळी नाही.

दुसऱ्या दिवशी व्हर्न म्हणाले, "दोन्ही हात पुढे करा. बोटांत छोटी खिडकी ठेवा. खिडकीतून माझं नाक बघा. आता हात हळूहळू चेहऱ्याकडे आणा." एकवीस पोरांचे हात आपापल्या हुकमी डोळ्यापाशी गेले. प्रत्येकाचा एक डोळा दुसऱ्यावर हुकूम चालवतो, आणि नेम त्याच डोळ्याने धरायचा असतो. बहुतेकांचा उजवा. टिल्डाचे हात डाव्या डोळ्यावर येऊन थांबले.

"ही पोरगी इतके दिवस उजव्या खांद्यावरून झाडत होती?" व्हर्ननी विचारलं. "म्हणून मान वाकडी! हिचे डोळे कुणी तपासले नाहीत का?"

सगळा हॉल चष्मेवाल्याकडे बघायला लागला. ही तपासणी लाइलने आयुष्यात हजार लोकांची केली होती. गोल्फवाल्यांची केली होती, एकदा धनुष्यबाणवाल्या बाईंची केली होती. घरात, समोरच्या खुर्चीत बारा वर्षं बसलेल्या पोरीची केली नव्हती. त्याला खरोखर रडू आलं. टिल्डाने हळूच त्याच्या गुडघ्यावर थोपटलं आणि म्हणाली, "असू दे, बाबा. मी पण कधी सांगितलं नाही."

परीक्षेत टिल्डाला पन्नासपैकी पन्नास. लाइलला लेखीत पंचेचाळीस, ते ठीक. मग प्रात्यक्षिक. हॉलमध्ये एक लाकडी कुंपण उभं केलेलं, हातात लाकडी बंदूक, आणि कुंपण ओलांडून दाखवायचं. बंदूक आधी खालून पलीकडे सरकवायची आणि मग आपण चढायचं, हे लहान पोरांनाही पाठ होतं. लाइलच्या डोक्यात डावे डोळे घोळत होते. तो बंदूक हातात घेऊन चढला, वर अडकला, आणि पँट मागून टर्रकन फाटली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"नापास," व्हर्न म्हणाले. "पुढची परीक्षा डिसेंबरात."

हंगाम नोव्हेंबरात असतो. म्हणजे यंदा लाइलला रायफल नाही, आणि टिल्डाबरोबर मचाणावर बसायला दाखलेवाला मोठा माणूस हवा, तेव्हा आर्विड. ऐकून आर्विड यांनी काहीच टोमणा मारला नाही. हे जास्त लागलं.

शनिवारी लाइल पुन्हा डोरीनकडे गेला. डोरीनने मान वर न करता विचारलं, "पोरीला आणलंस का?"

"आणलंय," टिल्डाच मागून म्हणाली.

डोरीनने पेन्सिल खाली ठेवली. उन्हाळ्यापासून पहिल्यांदाच ती काउंटरच्या बाहेर आली. गांडुळांच्या फ्रिजमागून तिने एक जुनी, डावखुरी, आखूड टू-फॉर्टी-थ्री काढली, रिकामी असल्याची खात्री केली आणि टिल्डाच्या हातात दिली. "त्या भिंतीकडे तोंड कर. डोळे मीट. आता खांद्याला लाव. जिथे बरं वाटेल तिथे. आता डोळे उघड. काय दिसतं?"

"सगळं," टिल्डा म्हणाली. "मान न वाकवता!"

दस्त्याच्या तळाशी चार छोटी अक्षरं कोरलेली होती, आधीच्या चार पोरांची. "हात लांब झाले की आणून देतात परत," डोरीन म्हणाली. "बर्फावर घसरायच्या बुटांसारखं. तुझं अक्षर पाचवं."

"ही जुलैपासून इथेच होती?" लाइलचा आवाज चिरका झाला. "आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"विचारत होते की! जेव्हा आलास तेव्हा विचारलं. तू चष्मा असा विकतोस का रे, नाक घरी ठेवून?"

त्या दुपारी टिल्डाने शंभर पावलांवर बशीएवढ्या जागेत तीन गोळ्या घातल्या. गस म्हणाला, "मी म्हणतच होतो."

हंगामाच्या पहिल्या दिवशी उजाडायच्या आत आर्विड आणि टिल्डा मचाणावर गेली. लाइलकडे काम होतं चुलीवरचा रस्सा ढवळायचं. घरून निघताना मार्नाने त्याच्या डोक्यावर, इतर शिकाऱ्यांना माणूस ओळखू यावा म्हणून घालतात ती, भडक नारिंगी टोपी घातली होती. "रायफल नसली तरी घाल. तुझा भरवसा नाही."

आठच्या सुमाराला लाइल खोपटामागच्या संडासात गेला. दार नव्हतंच. पण समोर जंगल, बर्फाचा पातळ थर आणि कोवळं ऊन. दार नसल्याचे फायदे पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आले. तो निवांत बसला असताना समोरच्या देवदारांतून एक नर बाहेर आला. आठ टोकांची शिंगं, मान ओंडक्यासारखी. असं हरीण लाइलने चौदा वर्षांत पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तरी ते चुकलं असतंच म्हणा.

लाइल श्वास रोखून बसला. मचाण त्याच बाजूला, त्या देवदारांपलीकडे. आता गोळी सुटणार! पोरीला दिसलं असेल. मार, टिल्डा. नर उभा. मार ना, बाळा! नर गवत हुंगत उभा. एक मिनिट गेलं. रायफल अडकली. नक्की अडकली! जुनी रायफल ती, चार पोरांच्या हातची. थर्टी-थर्टीच घ्यायला हवी होती. गुलाबीच ठेवायला हवी होती. तो मनातल्या मनात एकोणीस रायफलींचा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचत असताना त्याचा कोपर लागला आणि संडासातल्या कागदाची गुंडाळी सुटली. ती उंबऱ्यावरून उतरली आणि उलगडत, पांढरी वाट आखत, थेट हरणाकडे निघाली. लाइल ती पकडायला वाकला. नराने आधी गुंडाळीकडे पाहिलं, मग लाइलकडे. अशा नजरेने त्याच्याकडे आजवर फक्त सासऱ्यांनी पाहिलं होतं. मग शेपटी उभारून तो नाहीसा झाला. गोळी सुटलीच नाही.

दुपारच्या जेवणाला खोपटात सगळे जमले, शेजारचा गससुद्धा. आर्विड लालबुंद होते.

"आठ टोकांचा! साठ पावलांवर! मी दोनदा सांगितलं हिला, मार म्हणून. दोनदा! ही आपली बोट बाहेर काढून बसली."

"गोळी नाही तर शेपटी नाही," गस म्हणाला. "नियम आहे."

"मग नियम बदला!" आर्विड यांनी कात्री टेबलावर आपटली.

लाइल पोरीजवळ जाऊन बसला. म्हणाला, "रायफल अडकली का गं? माझंच चुकलं निवडताना."

"रायफल एकदम बरोबर होती, बाबा," टिल्डा म्हणाली. "मागे तुम्ही होतात."

सगळे टिल्डाकडे वळले.

"मी नेम धरला, मग चौथा नियम आठवला म्हणून दुर्बिणीवरून मान वर करून पाहिलं. तर हरणाच्या मागे नारिंगी काहीतरी. आधी वाटलं भोपळा. मग तो भोपळा खाली वाकला आणि कागद गोळा करायला लागला. मी लगेच नळी खाली केली."

ज्या गोळीसाठी लाइल कळवळून प्रार्थना करत होता, ती कुठे आली असती हे त्याला आत्ता समजत होतं. गसने टोपी काढली. का काढली ते त्यालाही कळलं नाही.

"मला काही दिसलं नाही तिथे," आर्विड म्हणाले, पण आवाज खाली आला होता. "हरणाच्या मागे नुसतं धुकं होतं."

"आज धुकं नव्हतं, आजोबा."

लाइलने सासऱ्यांकडे पाहिलं. चौदा वर्षं त्याच्या दुकानासमोरून जाणारा, आणि माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय म्हणत कधी आत न आलेला माणूस. तो हळूच म्हणाला, "आर्विड, माझ्या तिसऱ्या शेपटीवर साल कोणतं आहे? वाचा बरं इथून."

आर्विड यांनी भिंतीकडे पाहिलं. डोळे बारीक केले. मान पुढे काढली. "पाठ आहेत मला सगळ्या," ते म्हणाले.

मग ते उठले. पट्ट्यातून शर्ट मागून बाहेर ओढला, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "टिल्डा, कात्री घे."

"अहो, तुम्ही कुठे झाडली गोळी?" गस ओरडला.

"झाडली. तोंडाने झाडली. दोनदा." त्यांनी दोन्ही हात भिंतीला टेकले. "काप, पोरी. बेचाळीस वर्षांची आहे, सावकाश काप."

टिल्डाने सावकाश कापली. लाइलला वाटलं होतं की हा दिवस उगवला तर तो नाचेल, गावभर पेढे वाटेल. पण त्याला म्हाताऱ्याची दया आली आणि प्रेमही आलं, आणि दोन्ही लपवायला तो रस्सा ढवळायला उठला.

"कुठे निघालास?" आर्विड भिंतीकडेच तोंड ठेवून गरजले. "दार कोण बसवणार होतं सप्टेंबरात? ये इकडे, उभा रहा!"

लाइल आला. सासऱ्यांच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने शर्ट स्वतःच्या हाताने बाहेर काढला. बारावी. टिल्डाने ती कापली. डब्यात एकच खिळा उरला होता, तेव्हा तिने दोन्ही शेपट्या एकावर एक धरल्या आणि तीन घावांत ठोकल्या. तिचा स्वतःचा शर्ट पट्ट्यात खोचलेला होता, अखंड.

बराच वेळ सगळे ती भिंत बघत रस्सा खात बसले. वाडगं पुसून झाल्यावर आर्विड यांनी घसा खाकरला आणि कुणाकडेच न बघता विचारलं, "दुकान सोमवारी उघडं असतं का रे तुझं? किती वाजता यावं माणसाने?"

"कधीही या," लाइल म्हणाला. "फक्त येताना नाक घेऊन या."